इंद्रायणीत सोडलेली अर्धी खतं

तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, ही गोष्ट महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. तिच्यातला एक तपशील मात्र सांगताना बहुतेक वेळा गळून जातो. तुकोबांच्या घराण्याकडे देहूच्या पेठेची महाजनकी होती, सावकारी होती, आणि गावोगावच्या कुळांकडून येणं असलेली खतं घरात बांधून ठेवलेली होती. ती नदीत सोडायचं ठरलं तेव्हा धाकटे भाऊ कान्होबा आडवे आले. आपल्याला बायकामुलांचा संसार चालवायचा आहे, असं त्यांचं म्हणणं. महिपतींनी लिहिलेल्या चरित्रात पुढे काय झालं ते येतं. तुकोबांनी भावाला वैराग्याचा उपदेश केला नाही. खतांचे दोन वाटे केले, निम्मी कान्होबांच्या हाती दिली आणि आपल्या वाट्याची तेवढी पाण्यात सोडली.

मला या गोष्टीत सगळ्यात मोलाची वाटते ती ही वाटणी. त्याग आपल्या मालकीचाच करता येतो. भावाच्या हक्कावर पाणी सोडून कुणी साधू होत नाही. खरी संपत्ती कशाला म्हणायचं, असा प्रश्न कीर्तनात, प्रवचनात, घरातल्या बैठकीत नेहमी निघतो आणि उत्तर ठरलेलं असतं: पैसा क्षणभंगुर, नाम शाश्वत. ते उत्तर खरं आहे. पण महिन्याच्या एक तारखेला पगार हातात येतो, बहिणीचा फोन येतो, मुलीचं लग्न ठरतं, तेव्हा त्या उत्तराचं करायचं काय, हे कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख. संतांनी पैशाबद्दल जे केलं त्यातून एक क्रम दिसतो: आधी दुसऱ्याचं देणं फेडायचं, मग आपलं सोडायचं. हा क्रम उलटा झाला की दानही बिघडतं आणि घरही.

तुकोबांकडे ही समज आयती आली नव्हती. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळाने त्यांचं सगळं नेलं. व्यापार बुडाला, पत गेली, थोरली बायको रखमाबाई अन्नावाचून गेली. हे त्यांनी स्वतःच अभंगातून सांगितलं आहे. भूक काय करते हे ज्याने घरात पाहिलं, त्याला कुळाच्या घरात ते खत काय करत असेल हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आणि त्याच काळात त्यांनी विठ्ठलाचं मोडकळीला आलेलं देऊळ नीट केलं. म्हणजे पैशाचा, कामाचा, विटामातीचा त्यांना तिटकारा नव्हता. चोख व्यवहाराने मिळवावं आणि मिळवलेल्यात गुंतू नये, अशीच त्यांची गृहस्थाला शिकवण आहे.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथाही याच अंगाने ऐकून पाहा. दुष्काळात त्यांनी बेदरच्या बादशहाची धान्याची कोठारं लोकांसाठी खुली केली. कीर्तनात आपण दामाजींच्या करुणेवर थांबतो, आणि थांबायलाही हवं. पण ते धान्य दामाजींचं नव्हतं, सरकारचं होतं, आणि कथेला हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून कथा पुढे जाते. पांडुरंग विठू महार होऊन बेदरला जातो, सगळी रक्कम बादशहापुढे ओततो आणि भरल्याची पावती घेतो. देवाला पावतीची काय गरज, असा प्रश्न पडू शकतो. मला वाटतं, ज्या लोकांनी ही कथा पिढ्यान् पिढ्या सांगितली, त्यांना दुसऱ्याच्या कोठारातलं दान हिशेब चुकता झाल्याशिवाय पुरं वाटलं नसतं.

एकनाथांची गोष्टही हिशेबाचीच आहे. देवगिरीला जनार्दनस्वामींकडे असताना जमाखर्चात एका पैची चूक येत होती. नाथ रात्रभर दिव्याजवळ बसले, पहाटे ती सापडली आणि आनंदाने त्यांनी टाळी वाजवली. ही एकाग्रता देवाकडे लावली तर काय होईल, असं स्वामी म्हणाले, अशी ही कथा सांगितली जाते. मी तिच्यात आणखी एक गोष्ट पाहतो. परमार्थाची वाट दाखवणाऱ्या गुरूच्या घरी पैपैचा हिशेब लागत होता. आणि पुढे याच नाथांनी काशीहून कावडीने आणलेलं, रामेश्वराला वाहायचं गंगाजल तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतलं. पैची चूक शोधणारा आणि सगळी कावड रिती करणारा माणूस एकच आहे.

सोळाव्या अध्यायातलं पहिलं धन

गीतेचा सोळावा अध्याय दैवी आणि आसुरी संपत्तीचा आहे. त्यात दैवी संपत्ती म्हणून सव्वीस गुण सांगितले आहेत, आणि ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगताना ते एकेक करून उलगडले. त्या यादीत पहिलं येतं ते अभय. दान, दया, सत्य यांच्याही आधी. याच अध्यायात पुढे आसुरी माणसाचं वर्णन आहे: आज एवढं मिळालं, उद्या तेवढं मिळवीन, हे माझं आहे, तेही माझं होईल, अशी त्याच्या मनात अखंड मोजणी चाललेली असते. त्या माणसाकडे पैसा कमी नाही. तो निर्धास्त मात्र एक क्षणही नाही.

म्हणून आपली संपत्ती तपासायची असेल तर बँकेच्या पासबुकाच्या आधी घरातली भीती तपासावी. माझ्या पैशाला कोण भितं? आईला गुडघ्याच्या औषधासाठी पैसे मागायचे असतात आणि ती सुनेचा, मुलाचा चेहरा बघून दोन दिवस थांबते का? बायकोला घरात किती कर्ज आहे, विमा कुठला आहे, हे माहीत आहे का, की विचारलं तर आवाज चढतो म्हणून तिने विचारणंच सोडलं आहे? घरकामाला येणाऱ्या बाईला तिच्याच महिन्याच्या पैशांची आठवण करून देताना तोंड खाली घालावं लागतं का? ही तपासणी एकट्याने मनात करून भागत नाही. महिन्यातून एकदा जेवणानंतर घरातल्या मोठ्या माणसांनी मिळून बसावं आणि मिळकत, हप्ते, उधारी, शिल्लक मोठ्याने वाचून दाखवावी. पहिल्या वेळी अवघडल्यासारखं होतं. दोनतीन महिन्यांत घरातला सूर बदलतो. आईला दर महिन्याला ठरावीक रक्कम तिच्या हातात द्यावी, हिशेब विचारू नये. पदराच्या गाठीत चार पैसे असलेली म्हातारी नातवाला खाऊ देते, देवापुढे रुपया ठेवते, दारात आलेल्या वासुदेवाला काही घालते. तिचं अभय त्या गाठीत असतं.

आधी देणं

दानाचा विचार करण्याआधी एक यादी करायला बसा: माझ्याकडे दुसऱ्याचं काय आहे? मजुराची राहिलेली मजुरी, दुकानदाराची उधारी, मित्राकडून घेतलेले आणि त्याने संकोचापोटी न मागितलेले पैसे, भाडेकरूची परत न केलेली अनामत. सप्ताहाला पाच हजारांची वर्गणी देणाऱ्याच्या शेतातल्या बायका रोजासाठी तिसरी खेप मारत असतील, तर ती वर्गणी त्या बायकांच्या पैशातली आहे. त्यांचं देऊन उरलं तर सप्ताहाला द्यावं, नाही उरलं तर हात जोडून तसं सांगावं.

हा विचार एकट्या वारकऱ्यांचा नाही. येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलं आहे की वेदीपाशी अर्पण घेऊन गेल्यावर भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर. इस्लामी वारसाहक्कात मयताच्या मालमत्तेतून अंत्यविधीचा खर्च आणि कर्ज आधी वेगळं काढतात, वाटण्या त्यानंतर.

आपल्याकडे सगळ्यात जास्त थकलेलं देणं बहिणीचं आहे, आणि या मुद्द्यावर मी थोडं थांबणार आहे. वडील गेले की तेराव्यानंतर वारस नोंदीचा विषय निघतो. तलाठ्याकडे सगळ्या वारसांची नावं लागतात. मग बहिणींना गाडी पाठवून बोलावलं जातं, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्रावर सह्या-अंगठे होतात, येताना हॉटेलात जेवण आणि घरी साडीचोळी. बहीण नाही म्हणत नाही, कारण नाही म्हटलं तर माहेर तुटेल ही तिची भीती. अभयाच्या अगदी उलटं असं जे काही आहे, ते त्या कार्यालयाच्या बाकावर बसलेलं असतं. आणि याच घरात एकादशी निष्ठेने पाळली जाते.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्येच हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क दिला. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो विवाहित-अविवाहित सगळ्या मुलींना मिळाला, आणि २००५ मध्ये वडील हयात नसले तरी मुलीचा हा हक्क राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवलं. हक्क स्वखुशीने सोडता येतो हे खरं. पण खुशी आहे की नाही, हे कळण्यासाठी आधी तिला तिचा वाटा किती आणि त्याची आजची किंमत काय, हे कागदावर दाखवायला हवं. सातबारा तिच्या हातात द्या. विचार करायला सहा महिने द्या. तिचा नवरा किंवा मुलगा सोबत असू द्या. एवढं करून ती म्हणाली की दादा, मला नको, तर ते तिचं दान आहे आणि आयुष्यभर डोक्यावर घ्यावं असं आहे. तिने मागितलं, तर मोजणी करून द्या आणि भाऊबीजेला पहिल्यासारखंच बोलवा. कान्होबांचा वाटा तुकोबांनी असाच दिला होता, तोंड वाकडं न करता.

मग येणं

आपलं येणं हा त्याहून नाजूक विषय. पाहुण्याला हातउसने दिले, मित्राला अडचणीत दिले, जुन्या शेजाऱ्याला दवाखान्यासाठी दिले. परत येत नाहीत. मागावं तर नातं जातं, न मागावं तर मनात सल राहतो.

माझ्या आजोळी, खेड तालुक्यातल्या एका गावात, किराणा दुकान चालवणारे एक माळकरी गृहस्थ होते. ज्येष्ठात पालखी निघायच्या आधी ते लाल कापडाच्या बांधणीची उधारीची वही घेऊन बसत. आधी चाकणच्या ठोक व्यापाऱ्याचं देणं, मग हमालाचं, मग दुकानातल्या पोऱ्याचं. ते सगळं चुकतं झालं की उधारीची पानं उलटायची. ज्याचं यंदा पीक गेलं आहे, ज्याच्या घरात आजारपण आहे, अशा एखाद्याला बोलावून घ्यायचे, पान त्याच्यापुढे ठेवायचे आणि लेखणी त्याच्याच हातात देऊन आडवी रेघ मारायला सांगायचे. मी लहान असताना एकदा तिथे बसलो होतो. रेघ मारणाऱ्याचा हात थरथरत होता, आणि दुकानदार त्याच्याकडे न बघता तराजूची पारडी पुसत होते. आजी सांगायची की उधारी थकलेला माणूस दुकानावरून जायचं टाळतो, मागच्या ओढ्याच्या वाटेने जातो. रेघ मारून गेला की दुसऱ्या दिवशी पुढच्या वाटेने येतो आणि रामराम घालतो.

यातून घेण्यासारखं असं आहे की सोडायचं असेल तर तोंडाने सांगून सोडावं. मनातल्या मनात सोडलेलं कर्ज समोरच्याच्या छातीवर तसंच राहतं, आणि आपल्याही जिभेवर, कुठल्या तरी भांडणात बाहेर पडायला टपलेलं. चारचौघांत सांगू नये, त्याने सोडणारा मोठा होतो आणि घेणारा आणखी लहान होतो. एकट्याला गाठून एक वाक्य बोलावं, चिठ्ठी असेल तर ती परत करावी आणि विषय पुन्हा काढू नये. त्याआधी मात्र घरात विचारावं. तो पैसा नवराबायको दोघांचा असेल तर दोघांच्या संमतीनेच सुटतो. भावाच्या भागीतला असेल तर फक्त आपली भागी सुटते.

सगळंच सोडा, असं मी म्हणत नाही. ऐपत असून बुडवणाऱ्याकडून मागणं हा अधर्म नाही, आणि मुलांच्या शिक्षणाचा पैसा कुणाच्या चैनीसाठी सोडणं हा धर्म नाही. नव्याने कुणाला देताना आपल्याशी ठरवून घ्यावं: हे परत आलं नाही तरी मी या माणसाच्या घरी जेवायला जाईन का? उत्तर हो असेल तेवढीच रक्कम द्यावी.

ऋण काढून केलेला सण

गाडगेबाबांचा जन्म १८७६ सालचा, अमरावती जिल्ह्यातला शेंडगावचा. वडील दारूपायी लवकर गेले, पोर मामाच्या घरी दापुऱ्याला वाढलं आणि मामाचं शेत सावकारी कर्जात गेलेलं त्याने पाहिलं. पुढे घर सोडून खराटा आणि मातीचं गाडगं घेऊन फिरणारे बाबा कीर्तनात देवापेक्षा कर्जाबद्दल जास्त बोलत. कर्ज काढून लग्न करू नका, तिथी करू नका, देवाच्या नावाने बकरं कापू नका, दारूला शिवू नका. ताट नसलं तर भाकरी हातावर घेऊन खा, अंगावर साधं नेसा, पण पोराला शाळेत घाला, हे ते पुन्हा पुन्हा सांगत. त्यांच्या पहिल्या मोठ्या कामांपैकी एक म्हणजे पूर्णा नदीवरचा ऋणमोचनचा घाट.

आज लग्नासाठी शेत गहाण पडतं, वैयक्तिक कर्ज निघतं, सोनं बँकेत जातं. हॉल, केटरर, फोटोवाला, मानपान, आणि तीन वर्षं हप्ते. नव्या जोडप्याच्या संसाराची सुरुवात आईबापाच्या झोपमोडीवर होते. यावर उपाय साधाच आहे आणि तो मुलामुलीच्या दोन्ही बाजूंनी एकत्र बसून करायचा आहे: खर्चाचा आकडा हातातल्या शिलकीवरून ठरवायचा, पाहुण्यांच्या यादीवरून नाही. तेराव्याच्या आणि वर्षश्राद्धाच्या जेवणावळीलाही हाच नियम. गेलेल्या माणसाच्या नावाने जिवंत माणसाला कर्जात घालणं त्या माणसाला आवडलं असतं का, एवढं विचारावं.

आणि सावकाराच्या दारात आधीच पाय अडकला असेल तर लाजेपायी गप्प बसू नका. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याने परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. अशा सावकाराने जमीन लिहून घेतली असेल तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते, आणि चौकशीत तसं सिद्ध झालं तर जमीन परत मिळण्याची तरतूद त्या कायद्यात आहे.

उरलेलं दान

देणी फिटली, येणी मोकळी झाली, मग दान. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची खूण सांगितली आहे: ज्याच्याकडून उलट काही मिळणार नाही अशाला, योग्य वेळी, योग्य ठिकाणी, आणि द्यायला हवं म्हणून दिलेलं. परतफेडीच्या आशेने किंवा कुरकुरत दिलेलं ते राजस, अपमान करून दिलेलं ते तामस. देवळाच्या पायरीवर नाव कोरून घेणं या कसोटीवर टिकत नाही, असं मला मनापासून वाटतं. नाव आई-वडिलांचं असलं तरी.

गाडगेबाबांनी पंढरपूर, देहू, आळंदी, नाशिक, मुंबई इथे धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांत रुग्णाचे नातेवाईक राहिले, यात्रेकरू राहिले, आणि ज्यांना इतर कुठे उतरू देत नसत ते राहिले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. लाखोंचा पैसा हातून गेला आणि स्वतः फुटक्या गाडग्यात भाकरी खात राहिले. घरच्या कुणालाही त्या पैशावर जगू दिलं नाही.

आपल्याला तेवढं जमणार नाही, पण दिशा घेता येते. जवळच्या सरकारी दवाखान्यात बाहेरगावाहून आलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाला दोन वेळचं जेवण लागतं. गावातल्या एखाद्या मुलीची बारावीनंतरची फी अडलेली असते. संस्थेला देत असाल तर पावती घ्या, वर्षातून एकदा जाऊन काम बघून या. थेट माणसाला देत असाल तर एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा ठरावीक तारखेला ठरावीक रक्कम द्या, म्हणजे त्याला दर वेळी मागायला लागत नाही.

एक काम राहतं, आणि ते लोक अशुभ समजून टाळतात. मृत्युपत्र. साध्या कागदावर लिहिता येतं, मुद्रांक लागत नाही, नोंदणी केली तर बरी पण सक्तीची नाही. आपली सही दोन साक्षीदारांसमोर करायची आणि त्या दोघांनीही त्यावर सह्या करायच्या. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नये. बँकेत नॉमिनी लावला म्हणजे वाटणी झाली असं समजू नका. नॉमिनीने पैसे उचलून वारसांपर्यंत पोहोचवायचे असतात, तो मालक होत नाही. कुणाकडून काय घेतलं आहे आणि कुणाला काय सोडलं आहे, याची एक वेगळी यादी त्याच पाकिटात ठेवा. पाकीट कुठे आहे ते बायकोला किंवा नवऱ्याला, आणि मुलाबरोबर मुलीलाही, दाखवून ठेवा.